व्याह्यांनी निवडलेलं गवताचं मशीन

आमचे व्याही साडेचार फूट लांबीची फळी पोटाशी आडवी धरून घराभोवती फिरायचे. डोक्यावर कानटोपी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. दोन झाडांमधून फळी पार झाली की थांबून वहीत लिहायचं. अडली तर फळी खाली ठेवायची, पट्टी काढायची, किती अडली ते मोजायचं आणि मग लिहायचं. एप्रिल महिना होता. घराच्या सावलीत अजून बर्फ पडून होतं. रस्त्यावरचे पिकअप ट्रक आमच्या घरापाशी येऊन हळू व्हायचे. एकाने काच खाली करून विचारलं, काही हरवलंय का? व्याही म्हणाले, "नो सर. आय ॲम मोइंग."

ते गवत कापायचं मशीन निवडत होते. खुर्चीवर बसून चालवायचं असतं ते. मशीनची जेवढी रुंदी तेवढी फळी. बेचाळीस, अठ्ठेचाळीस आणि चोपन्न इंच अशा तीन फळ्या त्यांनी कापून घेतल्या होत्या आणि तिन्हींवर लाल पेनाने आकडे घातले होते. गराजमध्ये त्या भिंतीला ओळीने उभ्या असायच्या. एकदा मी त्यातली एक तुळशीच्या कुंडीखाली घेतली, तर व्याही दोन दिवस खाली मान घालून जेवले.

आधी घराचं सांगते. माझ्या मुलाने आदल्या हिवाळ्याच्या तोंडाशी कॅनडातल्या एडमंटनपासून चाळीस मिनिटांवर अडीच एकरांचं घर घेतलं. इथे त्याला एकरेज म्हणतात. अडीच एकर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तूर आली. बघते तर नुसतं गवत. खायचं नाही, विकायचं नाही, जनावराला घालायचं नाही. वाढलं की कापायचं आणि कापलं की पुन्हा वाढायची वाट बघायची. समोरच्या बाजूला रस्त्याला लागून खोल चर आहे, डिच म्हणतात, वितळलेल्या बर्फाचं पाणी वाहून जायला. त्या चरातलं गवतही घरवाल्यानेच कापायचं असतं.

सुनेची आई वारली आणि तिने बापाला पुण्याहून इकडे आणलं. मी आधीपासून होतेच. मुलाची आई आणि मुलीचा बाप एका छपराखाली राहतात, हे आमच्या यवतमाळकडे सांगितलं असतं तर बायांनी तोंडाला पदर लावला असता. पण इथे बेसमेंट मोठं होतं. ते खाली, मी वर.

व्याही म्हणजे रीतीचा माणूस. मी खोलीत आले की उभे राहायचे. मी बसल्याशिवाय बसायचे नाहीत. जिन्यात समोर आले तर पाठ भिंतीला टेकवून वाट द्यायचे. मीही माझी रीत पाळत होते. स्वेटरवरून पदर डोक्यावर घ्यायचे आणि त्यांच्याशी थेट बोलायचे नाही. काही सांगायचं तर सुनेला सांगायचं, "तुझ्या बाबांना म्हणावं, चहा झाला." ते तिथेच दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. ते म्हणायचे, "ताईंना सांग, आलोच." सून लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणायची, "सांगितलं, दोघांनाही सांगितलं."

लोक म्हणायचे, किती मान देतात हो तुमचे व्याही. देत होते. पोरांच्या लग्नाला आठ वर्षं झाली, तेवढ्यात मत एकदाही विचारलं नाही.

त्यांनी चाळीस वर्षं एका कारखान्यात मशीनची ड्रॉइंगं तपासली होती. दुसऱ्याने काढलेल्या चित्रात चूक शोधायची, एवढंच काम. त्यामुळे घरात आल्यावरही तेच. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी. माझ्या भाकरीचा व्यास मोजून एकदा सुनेला म्हणाले, "ताईंचा हात स्थिर आहे, दोन मिलिमीटरचा फरक." मला ते कौतुक वाटायला हवं होतं. मी तव्यावरची भाकरी करपू दिली. "मोजलं नाही ते माहीत नाही," हे त्यांचं वाक्य. दिवसातून दोनदा तरी यायचं. मी मीठ हाताने घालते हे कळल्यावर तर ते वाक्य जेवायच्या आधी, देवाचं नाव घ्यावं तसं यायला लागलं.

जून आला तरी मशीन निवडून झालं नव्हतं. गवत पिंडरीला लागलं. मुलगा ऑफिसातून यायचा, कपडे बदलायचा आणि आधीच्या मालकाने सोडलेलं ढकलायचं छोटं मशीन घेऊन बाहेर जायचा. अडीच एकर ढकलत! डास त्याला फोडून काढायचे. एक बाजू कापून होईतो दुसरी वाढलेली. मी म्हणायचे, "अरे, कुठलंही घेऊन टाक एखादं." तो म्हणायचा, "आई, बाबांनी सगळं रिसर्च केलंय. ऑलमोस्ट डिसाइड झालंय. त्यांना वाईट वाटेल." सासऱ्याला वाईट वाटू नये म्हणून माझा मुलगा दोन महिने ते ढकलत राहिला. त्याला ही शिकवण कोणी दिली? मीच.

शेजारी एक म्हातारी राहते. नवरा गेला, मुलं दूर, स्वतः ट्रॅक्टर चालवते. तिला आमचं गवत बघवेना. एक दिवस ती आपलं जुनं, स्टीअरिंगचं मशीन घेऊन आली आणि न विचारता पुढचा अर्धा एकर कापून दिला. व्याही तिच्यामागे धावत गेले. मला वाटलं, आभार मानायला. तर म्हणतात कसे, "थँक यू मॅडम, बट वी आर इन द प्रोसेस." म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं, कानटोपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. त्या वेळी गरजही पडली नाही.

दुकानात ते पाचदा गेले. एकदा ग्रोसरीला जाताना मीही गाडीत होते. मिशीवाला एक माणूस दाखवत होता. मशीनं दोन तऱ्हांची असतात. एकाला गाडीसारखं स्टीअरिंग. दुसऱ्याला स्टीअरिंगच नाही, दोन दांडे. एक पुढे, एक मागे केला की मशीन जागच्या जागी गरकन फिरतं. त्याची मागची चाकं जोर लावतात आणि पुढची दोन नुसती मोकळी असतात, ग्रोसरीच्या दुकानातल्या ढकलगाडीसारखी. व्याही दांड्याच्या मशीनवर बसले, डोळे मिटले आणि दांडे पुढे-मागे करत राहिले. लग्नातसुद्धा तो माणूस इतका खूश दिसला नसेल.

मिशीवाला म्हणाला, उतार असेल तर स्टीअरिंगवालं घ्या. हे मुलाने मला मराठीत सांगितलं.

व्याह्यांनी डोळे उघडले. "व्हॉट अँगल?"

मिशीवाल्याने खांदे उडवले.

"ज्याला अँगल सांगता येत नाही त्याने सल्ला देऊ नये," व्याही मुलाला म्हणाले. "अंदाज हा आळशी माणसाचा धंदा आहे."

मिशीवाल्याने मला विचारलं, तुम्हाला बसून बघायचंय का? व्याहीच पुढे झाले. "नो, नो. शी इज माय डॉटर्स मदर-इन-लॉ." एवढ्यात सगळं आलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मिशीवाल्याने मला सॉरी म्हटलं. कशाबद्दल ते त्यालाही कळलं नसावं.

मग त्यांनी उतार मोजायला घेतला. दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला आणि कंपासपेटीतला कोनमापक फळीला चिकटवला. रस्त्याकडेच्या चरात दहा ठिकाणी खुंट्या ठोकल्या. मी तिथेच होते. त्या चरात चाकवत उगवतो, कुणी न पेरता, आणि मी तो खुडायला जायचे. व्याह्यांना ते पसंत नव्हतं. "ताईंना सांग, रस्त्याकडेची भाजी खाऊ नये." आणि वाटीभर वाढली की बोटं चाटून खायचे.

रोज खुडायला जाऊन त्या चराची प्रत्येक वीत मला माहीत झाली होती. घराच्या वाटेखालून पाणी जायला लोखंडी पाइप टाकलाय, त्याच्या बाजूला उतार एकदम उभा होतो. तिथे मी दोनदा बसून घसरले होते. आमच्याकडे नाल्याच्या काठाचं गवत मी बारा वर्षं विळ्याने कापलं. ओल्या उतारावर पाय ठेवायचा नाही हे मला चौथीच्या पुस्तकात कुणी शिकवलं नाही. शेजारची म्हातारीही आपल्या चरातला तसा तुकडा कापत नाही, माजू देते. तिने एकदा आमच्या पाइपाकडे बोट दाखवलं, तळहात तिरपा केला आणि दुसऱ्या हाताने त्याच्यावर फाटकन मारलं. "नो गुड," म्हणाली. तेवढं इंग्रजी मला येतं.

मी त्याच दुपारी सुनेला म्हणाले, "तुझ्या बाबांना सांग, पाइपापाशी उभा उतार आहे. दांड्याचं मशीन तिथे चालायचं नाही."

तिने कानातलं फोनचं यंत्र काढलं. "काय आई?"

मी पुन्हा सांगितलं. तिने जाऊन सांगितलं. परत आली. "बाबा म्हणतात, ताईंना सांग, दहा जागांची सरासरी अकरा अंश येते. पुस्तकात पंधरापर्यंत चालतं लिहिलंय."

मी स्वयंपाकघरात चाकवत निवडत उभी होते आणि तोंडाशी आलं होतं की पाय सरासरीवरून घसरत नाही, जागेवरून घसरतो. ते मी चाकवताला ऐकवलं. खाली जिना उतरून गेले असते तर चौदा पायऱ्या होत्या. गेले नाही. व्याह्याला तोंडावर बोलायचं नसतं. ज्या बाईने सरपंचाला चावडीवर शिव्या घातल्या, तिने पोराच्या सासऱ्यापुढे जीभ गिळली.

मशीन आलं. दांड्याचं, चोपन्न इंची. सुनेने कुंकू लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. व्याह्यांनी गुडघ्यांमुळे ते स्वतः कधी चालवलं नाही. मुलगा चालवायचा आणि हे वाटेवर उभं राहून हातातल्या बटणाच्या घड्याळावर, शर्यतीत असतं तसल्या, वेळ मोजायचे. सपाटीवर मशीन छान चालत होतं, खोटं का बोलू? पहिल्या दिवशी त्रेपन्न मिनिटं. जेवताना म्हणाले, "स्टीअरिंगवाल्याला नव्वद लागली असती. सदतीस मिनिटं वाचली." त्या वाचलेल्या मिनिटांचं काय केलं, हे कुणी विचारलं नाही. चर तेवढा दोन आठवडे कापायचा राहिला होता, कारण त्यात पाणी होतं.

जुलैतला शनिवार. संध्याकाळी मराठी मंडळाची माणसं आमच्याकडे पॉटलकला, म्हणजे घरचा एकेक पदार्थ घेऊन जेवायला, येणार होती. सकाळी पाऊस पडून थांबला होता. मुलगा म्हणाला, "चर तेवढा पटकन करून घेतो, सगळे बघतात येताना." मी म्हणाले, ओलं आहे. तो म्हणाला, "आई, दहा मिनिटं."

मी व्हरांड्यात शेंगा सोलत होते. व्याही वाटेवर घड्याळ घेऊन उभे. मशीन चराच्या काठाने आलं, पाइपाजवळ पोचलं आणि आडवं सरकायला लागलं. आवाज बदलला नाही, वेग वाढला नाही, नुसतं बाजूला जात राहिलं. मुलाने दोन्ही दांडे ओढले. पुढची मोकळी चाकं वाटेल तिकडे फिरली. तो उडी मारायला उठला, तेवढ्यात मशीन कलंडलं आणि त्याचा डावा पाय खाली राहिला.

एकदम सगळं गप्प झालं. मशीन बंद पडलं होतं. मग मुलगा ओरडला. पस्तीस वर्षांपूर्वी तो विहिरीच्या काठावरून पडला होता तेव्हाही असा ओरडला नव्हता.

शेजारच्या म्हातारीने ट्रॅक्टर आणला, साखळी लावली आणि मशीन उचललं. ती साखळी बांधत होती तेव्हा व्याही चिखलात गुडघ्यावर बसून माझ्या मुलाचा खांदा धरून होते आणि त्यांच्या दुसऱ्या हातात घड्याळ चालूच होतं.

घोटा दोन ठिकाणी मोडला. हॉस्पिटलात मुलाला आत नेलं आणि आम्ही तिघं बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. सून रडत होती. व्याही उभे होते, मी आधी बसले होते तरी उभे. मग त्यांनी घसा साफ केला.

"ताईंना सांग," ते म्हणाले, "सीटखालच्या स्विचने काम केलं. तो उठताक्षणी पातं थांबलं. नाहीतर पाय राहिला नसता. डिझाइन बरोबर आहे."

सुनेने रुमाल डोळ्यांना लावला.

"हिशोबही बरोबर होता. गवत ओलं होतं, ते हिशोबात नव्हतं."

मी उठले. पदर डोक्यावरून पडला तो पडू दिला. "इकडे पाहा जी," मी म्हणाले. "माझ्याकडे पाहा. लेकीकडे नका पाहू."

त्यांनी पाहिलं. आठ वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचे डोळे पाहिले. घारे होते.

"मी तुमाले सांगतलं होतं का नाही, पाइपापाशी उभा उतार आहे?"

"सांगितलं होतंत, ताई. निरोप आला होता. पण निरोपात..."

"निरोपात काय?"

"निरोपात आकडा नव्हता."

सून म्हणाली, "आई, प्लीज. हॉस्पिटल आहे."

"असू दे. लोकं इथंच बोंबलतात." मी हात पुढे केला. "वही द्या."

वही त्यांच्या खिशात होती. चिखलाने भरलेल्या शर्टात पट्टी, पेन आणि वही, सगळं जागच्या जागी. त्यांनी ती लगेच दिली, हे मात्र सांगायला हवं. मला आकडे वाचता येतात. दहा खुंट्या, दहा आकडे. नऊ, दहा, अकरा, दहा. असे नऊ आकडे. आणि पाइपापाशी बावीस. बावीसला लाल गोल होता आणि पुढे सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'अपवाद'.

मी ते मोठ्याने वाचलं. सुनेने रडणं थांबवलं.

"बाबा? तुम्हाला माहीत होतं?"

"एका जागेवरून निर्णय घेत नाहीत, बेटा," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "दहा जागा होत्या."

"माझा पोरगा एकाच जागेवर होता," मी म्हणाले. "तुमच्या सरासरीले काय चाटू मी?"

पलीकडे बसलेली एक गोरी बाई उठून लांब जाऊन बसली. व्याही उभेच राहिले. नर्स येऊन म्हणाली, सर, यू कॅन सिट, तरी बसले नाहीत. मुलाच्या पायात स्टीलची पट्टी आणि नऊ स्क्रू घालून बाहेर आणेपर्यंत ते तसेच उभे होते. मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही. वहीत बावीस लिहिणारा हात त्यांचाच होता. ज्याला दिसलं नाही त्याला मी एक वेळ माफ करीन. यांना दिसलं, यांनी मोजलं, आणि सुंदर अक्षरात बाजूला काढून ठेवलं.

आणि रागाचा उरलेला वाटा माझा. चौदा पायऱ्या होत्या.

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी थेट बोलायला लागले. चहा झाला, जेवायला या, औषध घेतलं का. बोलणं एवढंच. पदर घेणं सोडलं. ते मात्र मी आले की उभे राहतच होते.

पुढच्या वसंतात सून म्हणाली, माणूस लावू. मुलगा म्हणाला, नाही, मीच कापणार. हट्ट माझा आलाय त्याच्यात. या वेळी दुकानात मी गेले. व्याह्यांना मी बोलावलं नाही आणि ते आले नाहीत. मिशीवाल्याने मला ओळखलं. स्टीअरिंगचं मशीन दाखवलं, मी त्याच्यावर चढून बसले. ब्रेक कुठे ते विचारलं, पाय पोचतो का पाहिलं आणि मुलाला म्हणाले, हे घे. वीस मिनिटंही लागली नाहीत. पाइपापाशीचा तुकडा कापायचा नाही, माजू द्यायचा, हेही मीच ठरवलं.

मुलाने पहिल्यांदा ते मशीन बाहेर काढलं त्या दिवशी व्याही बेसमेंटमधून वर आले. रबरी बूट घातलेले, डासांसाठी डोक्यावरून जाळी घेतलेली. फळी नाही, घड्याळ नाही. काही न बोलता ते चरात उतरले आणि पाइपाच्या बाजूला, उतार जिथे उभा होतो तिथे, वर तोंड करून उभे राहिले. मशीन जवळ आलं की उजवा हात वर करायचे. मुलगा वळून जायचा. हात खाली. पुन्हा मशीन आलं की पुन्हा हात वर. तासभर आणि वर वीस मिनिटं.

मुलगा म्हणाला, "बाबा, मी तिकडे येतच नाहीये. तुम्ही घरात जा." ते म्हणाले, "तू तुझं काम कर."

मी व्हरांड्यातून ओरडले, "अहो, मशीन घसरलं तर पहिले तुम्हीच सापडाल!"

"हो," ते म्हणाले, आणि हलले नाहीत.

दोन उन्हाळे, दर शनिवारी, ते असे उभे राहिले. शेजारची म्हातारी एकदा त्यांना खुर्ची घेऊन आली, ती त्यांनी परत पाठवली. चूक झाली, असं ते मला कधी म्हणाले नाहीत. मुलालाही म्हटल्याचं मी ऐकलं नाही. तिसऱ्या हिवाळ्याच्या आधी, थंडी सोसत नाही म्हणून, पुण्याला परतले आणि तिथेच वारले.

सून म्हणते, "आई, बाबांनी प्रायश्चित्त घेतलं हो." घेतलं असेल. मुलगा आजही बेसमेंटचा जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतो, आणि तो तळाला पोचेपर्यंत मला हातातलं काम पुढे नेता येत नाही.